तालुक्याहून बंब येईपर्यंत: शाळेत आणि जिनिंगमध्ये लागलेली लहान आग

विदर्भातील बहुतेक खेड्यांना आगीचा बंब तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या नगर परिषदेकडून मागवावा लागतो. वीस-तीस किलोमीटरचा रस्ता, पावसाळ्यात नाल्याला आलेला पूर आणि हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग हे सारे धरले, तर फोन केल्यापासून बंब फाटकाशी येईपर्यंत अर्धा तास सहज निघून जातो. या अंतराचा अर्थ आपल्याकडे बहुतेक जण असा काढतात की, बंब काही वेळेवर येत नाही, तेव्हा आग आपल्यालाच विझवावी लागणार. जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हंगामापुरते लागलेले कामगार यांच्यासाठी हे लिहिताना मला नेमका उलट अर्थ सांगायचा आहे. मदत दूर आहे, म्हणूनच माणसे आधी बाहेर काढायची आणि एका अग्निशामकात (आग विझवायच्या नळकांड्यात) विझेल एवढ्याच आगीला हात घालायचा; कारण धुरात अडकलेल्या माणसाला बाहेर काढणारे प्रशिक्षित हात पुढचा अर्धा तास तरी तेथे नसतात.

लहान आग कोणती?

हा निर्णय आगीसमोर उभे राहून घेता येत नाही. तो आधीच मनात ठरलेला असावा लागतो. कचऱ्याच्या टोपलीएवढी, जिच्या ज्वाला आपल्या कमरेच्या वर गेलेल्या नाहीत आणि जी लागली त्याच वस्तूपुरती आहे, ती लहान आग समजावी. त्यासोबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. खोलीतला धूर डोक्याच्या उंचीपर्यंत खाली उतरलेला नसावा आणि बाहेर पडण्याचे दार आपल्या पाठीशी मोकळे असावे. यांपैकी एकही गोष्ट जुळत नसेल, तर ती आग दिसायला कितीही किरकोळ असली तरी आपली नव्हे. आपण बाहेर पडावे, जाताना दार ओढून घ्यावे, पण त्याला कडी किंवा कुलूप लावू नये. बंद दारामुळे आगीला मिळणारी हवा कमी होते आणि धूर वऱ्हांड्यात पसरायला वेळ लागतो. कडी मात्र आत राहिलेल्या एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

छताला आग पोचली असेल, तर विचारच करू नये. आपल्याकडे अजूनही अनेक स्वयंपाकाच्या खोल्यांवर बांबू, तट्ट्या किंवा ताडपत्रीचे छप्पर असते, आणि मार्चनंतरच्या उन्हात ते इतके वाळलेले असते की, आग खालून वर जायला काही क्षण पुरतात. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल देताना शाळांमध्ये अग्निशमन साधने बसवण्याचे आणि कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचे आदेश दिले. साधने अनेक शाळांत आली. ती चालवून पाहिलेले हात मात्र कमी आहेत, म्हणून हा लेख.

पहिले मिनिट

आग दिसताच पहिले काम ओरडण्याचे. हे सांगावे लागते, कारण नवीन माणूस संकोचाने आधी एकटाच पाणी शोधायला धावतो. काय ओरडायचे हेही ठरलेले असावे: “आग! स्वयंपाकघर! बाहेर पडा!” एवढे तीन तुकडे पुरतात. जागा सांगितल्यामुळे इतरांना कोणत्या दाराने जाऊ नये हे कळते. त्याच वेळी घंटा वाजवावी. मात्र सुट्टीची घंटा आणि आगीची घंटा यांचे ठोके वेगळे असावेत, नाहीतर मुले डबा घेऊनच बाहेर येतील.

दुसरे काम मुले किंवा कामगार बाहेर काढण्याचे. वर्गशिक्षकांनी दप्तरे जागीच ठेवायला सांगून मुलांना रांगेने बाहेर न्यावे, हजेरीपट हाती घ्यावा आणि सर्वांत शेवटी स्वतः निघावे. लहान वर्गातली मुले घाबरली की बाकाखाली, दाराच्या मागे किंवा स्वच्छतागृहात लपतात, त्यामुळे निघताना या तीन जागांकडे नजर टाकल्याशिवाय वर्ग रिकामा झाला असे धरू नये. जमण्याची जागा ध्वजस्तंभापाशी किंवा एखाद्या ठरलेल्या कडुलिंबाखाली असावी. फाटकात नसावी, कारण तेथूनच बंब आत येणार असतो. तेथे पोचताच नावे वाचून मोजणी करावी. मोजणीत एक नाव कमी आले, तर शिक्षकाने पुन्हा धुरात न शिरता ते मूल शेवटचे कुठे दिसले हे आधी इतर मुलांना विचारावे. पुष्कळदा ते हापशीवर पाणी प्यायला गेलेले असते. तरीही पत्ता लागला नाही, तर बंब येताच सर्वांत आधी तेच सांगावे.

तिसरे काम गॅस आणि वीज तोडण्याचे, तेही वाटेत आणि आवाक्यात असेल तरच. चौथे काम फोनचे. अग्निशमनासाठी १०१, सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. पण त्यांच्या जोडीला आपल्या तालुक्याच्या अग्निशमन केंद्राचा थेट क्रमांक भिंतीवर रंगवून ठेवावा आणि वर्षातून एकदा तो लागतो की नाही हे तपासून पाहावे. फोनवर गावाचे नाव, फाटा, रस्त्यावरची मोठी खूण, काय जळत आहे, कोणी अडकले आहे का आणि आपला क्रमांक एवढे सांगावे. एकाच नावाची दोन गावे एकाच तालुक्यात असणे आपल्याकडे नवे नाही, म्हणून ‘बुद्रुक’, ‘खुर्द’ गाळू नये. पलीकडच्याने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवू नये आणि एखाद्या मोटारसायकलस्वाराला फाट्यावर उभे करावे.

ही चारही कामे चार माणसांनी एकाच वेळी केली, तर लवकर उरकतात. एकच माणूस असेल, तर मात्र क्रम हाच ठेवावा. अग्निशामक पाचवा येतो.

अग्निशामक हाताळताना

शाळा-कार्यालयांत बहुधा एबीसी पावडरचा लाल अग्निशामक असतो. तो लाकूड-कागद-कापड, पेट्रोल-तेल यांसारखे द्रव आणि गॅस अशा तिन्ही प्रकारच्या आगींवर चालतो आणि विजेच्या लहान उपकरणांवरही वापरता येतो. सहा किलोचा अग्निशामक पूर्ण दाबला, तर साधारण पंधरा ते वीस सेकंदांत रिकामा होतो. नवख्याला ही गोष्ट खरी वाटत नाही. तो दुरूनच खटका दाबतो आणि आगीजवळ पोचेपर्यंत निम्मी पावडर हवेत गेलेली असते.

म्हणून आधी अग्निशामक उभाच धरून आगीपासून सात-आठ फुटांवर यावे. पाठ दाराकडे आणि उघड्यावर असाल तर वाऱ्याकडे असावी. सील तोडून सेफ्टी पिन ओढावी. पिन ओढताना खटका दाबून धरू नये, कारण मग पिन अडकते आणि माणूस गोंधळतो. नळीचे तोंड ज्वालांच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी, म्हणजे जे प्रत्यक्ष जळत आहे त्याकडे, रोखावे. मग खटका दाबून अंगण झाडावे तसे डावीकडून उजवीकडे फिरवत हळूहळू पुढे सरकावे. आग विझल्यासारखी दिसली की लगेच पाठ फिरवू नये, तोंड आगीकडेच ठेवून मागे यावे. अग्निशामक संपला आणि आग उरली, तर दुसरा शोधत बसू नये. बाहेर पडावे.

कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक असेल, तर त्याच्या काळ्या भोंग्याला उघड्या हाताने धरू नये. तो इतका थंड होतो की कातडी भाजल्यासारखी होते. त्याला दाब दाखवणारा काटा नसतो, म्हणून तो भरलेला आहे का हे वजनावरून तपासावे लागते. पावडरच्या अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शिपायाने किंवा एखाद्या शिक्षकाने पाहून वहीत सही करावी. अग्निशामक मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद खोलीत ठेवण्याची पद्धत मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. चोरीची भीती समजू शकते, पण मग तो दप्तरी नोंदीपुरताच उरतो.

पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात

शाळेत आगीची शक्यता सर्वांत जास्त येथेच असते. फोडणीचे तेल पेटले, तर पाणी कधीही टाकू नये. पाणी तेलाहून जड असल्यामुळे ते तळाशी जाते, तेथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. परिणामी जळते तेल छतापर्यंत उडते. अशा वेळी आधी शेगडी बंद करावी. नंतर मोठे झाकण किंवा परात ढालीसारखी आपल्यापुढे धरून बाजूने सरकवत कढईवर ठेवावी. झाकण नसेल, तर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले सुती कापड किंवा बारदाना चालतो. पाणी टपकत असेल तर मात्र नाही. पेटलेली कढई उचलून बाहेर नेण्याचा मोह फार होतो, आणि बहुतेक जण भाजतात ते त्याच खटाटोपात. झाकण ठेवले की किमान अर्धा तास उघडू नये, कारण गरम तेलाला हवा मिळाली की ते पुन्हा पेटते.

गॅसचा वास आला, पण आग नाही, तर विजेचे कोणतेही बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, म्हणून दार आणि खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर यावे, रेग्युलेटर बंद करावा, सिलिंडरवर सुरक्षा टोपी लावावी आणि गळतीसाठी असलेल्या १९०६ या क्रमांकावर कळवावे. नळी किंवा रेग्युलेटरपाशी ज्योत दिसत असेल आणि हाताला ओले कापड गुंडाळून झडप बंद करणे शक्य असेल, तर ती बंद करणे हाच आग विझवण्याचा खरा उपाय आहे. झडप बंद होत नसेल, तर ज्योत फुंकर, पाणी किंवा पावडर मारून विझवू नये. जळणारा गॅस दिसतो. न जळता साचलेला गॅस दिसत नाही आणि पुढच्या ठिणगीला सगळी खोली पेटते. अशा वेळी सर्वांना दूर नेऊन थांबावे. सिलिंडर आडवा पाडू नये. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस बाहेर येऊ शकतो.

विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दीड-दोन महिने बंद राहिलेल्या स्वयंपाकघरात उंदरांनी रबरी नळी कुरतडलेली असू शकते. पहिल्या दिवशी खिचडी चढवण्याआधी नळीवर आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, आणि नळीवरची तारीख पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून घ्यावी. सरपणावर शिजत असेल, तर तुराट्या आणि पऱ्हाटीचा साठा चुलीपासून दूर, वेगळ्या आडोशाला असावा. दिवसाचे लागेल तेवढेच जळण आत आणावे. ताईंनी साडीचा पदर खोचूनच चुलीपाशी बसावे. हे त्यांना ठाऊक असते, पण बदली म्हणून आलेल्या मुलीला सांगावे लागते.

विजेची आग

मीटरबोर्ड, पंखा किंवा संगणक पेटला, तर आधी मुख्य स्विच बंद करावा. वीज तुटल्याची खात्री नसेल तोवर पाणी वापरू नये. पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड वापरावा. बाहेरच्या खांबावरच्या तारेमुळे काही झाले असेल, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि खाली पडलेल्या तारेजवळ कोणालाही जाऊ देऊ नये. छतावर सौर पॅनेल असतील, तर एक गोष्ट विसरू नये: मुख्य स्विच बंद केला तरी दिवसा उजेडात पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत वीज असतेच. बंबावरच्या लोकांना हे सांगणे आपले काम आहे.

जिनिंगमध्ये

कापसाची आग इतर आगींसारखी वागत नाही, आणि वणी, हिंगणघाट, पांढरकवडा, अकोट अशा भागांत हंगामी कामाला जाणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवशीच समजून घ्यावी. सुट्ट्या रुईवर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसावर, ज्योत पृष्ठभागावरून पळते. एका टोकाला ठिणगी पडली की बघता बघता ती दुसऱ्या टोकाला पोचते. वरची ज्योत विझली तरी आत धग राहते. कापसात आलेला खडा, लोखंडाचा तुकडा किंवा अडकलेल्या कापसाने घासून तापलेला रोलर यांपासून ठिणगी पडते, आणि ओढणारा पंखा ती नळीतून थेट पुढच्या ढिगावर नेऊन टाकतो. म्हणून येथे ओरडल्यानंतरचे पहिले काम पंखे आणि पट्टे थांबवण्याचे आहे. यंत्र चालू ठेवून पाणी मारणारा माणूस आग विझवत नसतो, ती पुढे पाठवत असतो. बंद करायचे बटण कुठे आहे, हे कामाला लागताना मुकादमाला विचारून घ्यावे आणि एकदा हात लावून पाहावे.

सुट्ट्या रुईवर अग्निशामक जवळून मारला, तर त्याच्या झोतानेच जळते पुंजके उडतात. लांबून सुरुवात करावी आणि पाणी असेल तर फवाऱ्याच्या रूपात वापरावे. पावडरने वरची ज्योत बसते, पण पावडर आतपर्यंत पोचत नाही आणि थंडही करत नाही. त्यामुळे नंतर ढीग फावड्याने उकलून, थर थर भिजवावाच लागतो. संत्र्याच्या बागांत वापरतात तो ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप गावात असेल, तर या कामाला तो उत्तम. फक्त त्याच्या टाकीत औषध नाही ना, हे आधी विचारावे.

रुईच्या गाठीचे दुखणे वेगळेच. १७० किलोच्या घट्ट दाबलेल्या गाठीत ठिणगी शिरली, तर ती बाहेर काही न दाखवता कित्येक तास, कधी काही दिवस धुमसत राहते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा दोन्ही लादलेले होते. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, पाण्याचे झोत सुरू झाले, पण आग आवरली नाही आणि चार वाजून गेल्यावर जहाजाचे स्फोट झाले. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. संशयित गाठ म्हणूनच शेडमध्ये फोडू नये. पट्ट्या कापताच तिला हवा मिळते. ती इतर गाठींपासून दूर, मोकळ्या मैदानात नेऊन भिजवावी, मगच उकलावी आणि पुढचे काही दिवस तिच्यावर पाळत ठेवावी. गाठीतून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, त्यामुळे बंद गोदामात “थोडाच धूर आहे” म्हणून शिरणे धोक्याचे आहे.

धुराचे हे भय फक्त जिनिंगपुरते नाही. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळे दगावली, त्यांतली बहुतेक गुदमरून. धुरातून निघावेच लागले, तर वाकून किंवा रांगत, नाका-तोंडाला कापड लावून, भिंतीला हात ठेवून निघावे. जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. ओले कापड राख अडवते, वायू अडवत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर परत आत जाऊ नये.

अंगावरचे कपडे पेटले तर

पेटलेला माणूस धावतो आणि धावल्याने ज्वाला भडकतात. त्याला थांबवून जमिनीवर आडवे करावे, तोंड हातांनी झाकायला सांगून लोळवावे, वरून जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकावी. नायलॉनची साडी किंवा प्लास्टिकची ताडपत्री टाकू नये. आग विझताच भाजलेल्या भागावर साधे, स्वच्छ पाणी वीस मिनिटे सोडत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी, करदोडा काढावा; कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. मग स्वच्छ कापडाने सैल झाकून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. चेहरा, हात किंवा जननेंद्रियाचा भाग भाजला असेल, फोड मोठे असतील किंवा धुरामुळे आवाज बसला असेल, तर १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयातच न्यावे.

आधीची तयारी

वाळूच्या लाल बादल्या सगळीकडे टांगलेल्या असतात. त्यांत वाळू असते की खर्ऱ्याच्या पन्न्या, हे एकदा उतरवून पाहावे. पावसात भिजून दगड झालेली वाळू फेकता येत नाही. ती कोरडी करून चाळून पुन्हा भरावी. पाण्यासाठी बोअरच्या भरवशावर राहू नये, कारण आग लागते तेव्हा भारनियमनही असू शकते. झाकण असलेला दोनशे लिटरचा एक ड्रम आणि त्याच्याजवळ चार बादल्या कायम भरलेल्या असाव्यात. शेजारच्या शेतात धसकटे जाळायची असतील, तर शाळेच्या वेळेत आणि वारा सुटलेला असताना जाळू नयेत, एवढे ग्रामपंचायतीमार्फत ठरवून घ्यावे.

सराव वर्षातून दोनदा तरी व्हावा. पहिला शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत, म्हणजे पहिलीच्या मुलांनाही जमण्याचे झाड माहीत होते. दुसरा अग्निशमन सप्ताहात, १४ ते २० एप्रिलदरम्यान घेता येतो. १४ ला डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळच्या शाळेत, ऊन चढण्याआधी. सरावाच्या वेळी मुदत संपत आलेला एक अग्निशामक मैदानात रिकामा करावा आणि खटका शिक्षकांऐवजी स्वयंपाकाच्या ताईंच्या हाती द्यावा. त्याचे वजन, आवाज आणि पावडरचा लोट यांची ओळख एकदा झाली, की खऱ्या वेळी हात कापत नाही.

आग विझल्यानंतर जागा तशीच सोडून जाऊ नये. एक जण किमान दोन-तीन तास तेथे थांबावा, कापूस किंवा लाकूड असेल तर रात्रभर. वीज आणि गॅस जाणकाराने तपासल्याशिवाय पुन्हा जोडू नये. अग्निशामक चार सेकंदच वापरला असला तरी तो भरायला पाठवावा, कारण झडपेत अडकलेल्या पावडरमुळे उरलेला दाब हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत काटा लाल पट्ट्यात येतो. तो परत येईपर्यंत ग्रामपंचायतीचा किंवा सोसायटीचा अग्निशामक लेखी पोच देऊन मागून आणावा आणि त्याच खिळ्याला टांगावा.